वत्सलेला हात कोणी लावायचा

२३ फेब्रुवारी १९३१, सोमवार

कालच्या सभेत पास्टरांनी मला ईस्टरपर्यंत बोलण्याची मनाई केली, म्हणून ही वही. मुलींच्या शाळेत आयुष्यभर बोलण्याचेच काम केले. मनातले बाहेर पडले नाही तर मला अन्न जात नाही. मराठीत लिहिते आहे, कारण आमच्या ख्रिस्ती मंडळीत ती कोणाला वाचता येत नाही. मद्रासला कॉलेजात होते तेव्हा पुण्यामुंबईची पुस्तके वाचून जी मराठी उचलली, ती ही. घरची तंजावरी मराठी बोलायला आता वत्सला सोडून कोणी उरले नाही.

वत्सला माझी धाकटी बहीण. माझ्याच घरात मरते आहे. पोटात गाठ आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कापण्याची वेळ निघून गेली, ईस्टर दिसला तर दिसला. मी रडत बसणारी नाही. काल कमिटीपुढे उभी राहिले आणि तिच्यासाठी दफनभूमीत जागा मागितली.

आमच्या दफनभूमीत मधोमध विटांची भिंत आहे. पुढचा भाग उंच, फाटकाजवळ, वरच्या जातीतल्या वेळ्ळाळ घराण्यांचा. भिंतीपलीकडे अस्पृश्य मानलेल्या परैयर वस्तीतली माणसे पुरतात. शेडमध्ये तिरड्याही दोन आहेत. एक पॉलिशची, स्वामीमलैच्या मूर्तिकारांकडून ओतून घेतलेला पितळी क्रूस लावलेली, आणि एक बांबूची. कमिटीतले ज्येष्ठ पिळ्ळै म्हणाले, "जागा आहे, टीचरम्मा. तुमच्या जागेला लागूनच देऊ. पण घरी बहिणीची सेवा अरुळायी करते म्हणतात. ती पलीकडची. मेल्यावर तिचा हात लागला तर आमची माणसं खांदा देणार नाहीत."

मी विचारले, "शरीर देवाचं मंदिर आहे, ते आपलं नाही, किंमत मोजून घेतलेलं आहे, हे आपण दर रविवारी शिकवतो. ते भिंतीच्या कोणत्या बाजूच्या शरीरांबद्दल?"

पास्टर म्हणाले, बसा. मी बसले नाही. त्याचे हे फळ.

२६ फेब्रुवारी

वत्सलेची स्थिती कालच्यासारखीच. औषधाच्या वेळा मी भिंतीवर लिहून लावल्या आहेत आणि दाराजवळच्या खुर्चीवरून त्या पाळल्या जातात की नाही ते पाहते. अंगाचे सगळे काम अरुळायीचे; ती मिशनच्या दवाखान्यातली आया, तिथूनच वत्सलेबरोबर आली. कूस बदलणे, पुसणे, तेल लावणे. अशी वाटणी चांगली असते, घोटाळा होत नाही.

अरुळायीच्या तोंडाला मात्र लगाम नाही. आज वत्सलेचे केस विंचरताना म्हणाली, "चिन्नम्मा, आलात तेव्हा सोललेला नारळ होतात. आता बघा, शेंडी धरवेना झाली."

वत्सला हसली. हसल्यावर पोटात कळ आली. मी अरुळायीला रागावले.

"दुखलं तर दुखलं, अक्का," वत्सला म्हणाली. "अण्णाच्या घरी मी इतकी वर्षं काढली. दुखलं नाही तसं हसूही आलं नाही."

वत्सला अकराव्या वर्षी विधवा झाली. भाऊ व्यंकोबा याच्या स्वयंपाकघरात तिचे सगळे वय गेले. तीन वर्षांपूर्वी दुखणे घेऊन मिशनच्या दवाखान्यात आली आणि परत गेली नाही. गेल्या ईस्टरला तिने बाप्तिस्मा घेतला. मी तिला एकदाही आग्रह केला नव्हता. शिकवले मात्र रोज.

२ मार्च

व्यंकोबा आला होता. मी बाटले तेव्हापासून तो माझ्या दारात आला नव्हता. आत आला नाही. ओट्याच्या खाली उन्हात उभा राहिला, छत्री उघडी धरून. केस पार पांढरे झालेत. कोर्टात वकिली करतो, पण माझ्यापुढे शब्द जुळवताना अडखळत होता.

"कशी आहे?"

"आत येऊन बघ."

"नको. पुन्हा स्नान करावं लागेल, आणि घरात विहीर आटलीय." मग म्हणाला, "अक्का, ती गेली की कळव. आम्ही येऊन घेऊन जाऊ. कावेरीकाठी सगळं व्यवस्थित करू. तू तिला जिवंतपणी नेलीस, मी काही बोललो नाही. आता देह तरी दे."

"तुमच्याकडे देह म्हणजे टाकायचं वस्त्र," मी म्हटले. "मग त्यासाठी एवढं ऊन का सोसतोस?"

"टाकायचं वस्त्रही नीट टाकावं लागतं. नाहीतर ती मधेच अडकून राहील. न इकडची, न तिकडची."

"ती इकडची आहे. आमच्यात देह टाकत नाहीत. भातासारखा पेरतात. तो उठणार आहे."

"अस्कं तूच ठरवणार का?"

"तू नाही ठरवलंस तिचं सगळं? न्हाव्याचा वारसुद्धा तूच ठरवत होतास."

त्यावर तो छत्री मिटून निघून गेला. उन्हात छत्री मिटणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

आत आले तर वत्सला जागी होती. "अण्णा होता ना?" म्हणाली. "दाराशी आणायचास."

"आला नसता."

"विचारलंस?"

मी म्हटले, औषधाची वेळ झाली.

९ मार्च

ताप. मध्ये दोन-तीन दिवस तिने डोळेच उघडले नाहीत. आज बरे वाटले तसे प्रश्न सुरू.

"उठताना ही गाठ असेल का ग पोटात?"

"नाही. शरीर तेच असेल, पण त्याला नाश नसेल."

"केस?"

"असतील."

"लांब?"

"असतील."

"अरुळायीला मी ओळखू येईन?"

मी म्हटले, सगळे सगळ्यांना ओळखतील. ती म्हणाली, "नाही, तसं नव्हे. ती मला हातानं ओळखते. अंधारातसुद्धा पाठीवर कुठं दुखतं ते तिला कळतं. तिथं हात असतील ना?"

हात असतील, असे सांगितले. आमचा विश्वास देहाच्या पुनरुत्थानावर आहे, आत्म्याच्या भटकण्यावर नाही, हा फरक तिला बहुतेकांपेक्षा चांगला समजला आहे. शिकवण वाया गेली नाही याचे समाधान वाटले.

१३ मार्च

पिळ्ळै यांच्या लाकडाच्या वखारीत गेले. सभेत बोलू नये असे ठरले आहे, वखारीत बोलण्याला कोणी बंदी केलेली नाही.

पिळ्ळै वाईट माणूस नाहीत. खुर्ची स्वतः पुसून दिली. म्हणाले, "टीचरम्मा, माझ्या तिन्ही मुली तुमच्या हाताखाली शिकल्या. मला तुमच्याशी भांडायचं नाही. पण उद्या चार जणांनी खांदा द्यायचं नाकारलं, तर तुमच्या बहिणीचा देह उन्हात पडून राहील. तेव्हा मी काय करू?"

मी पुष्कळ विचार केला होता. म्हटले, "जिवंत आहे तोवर अरुळायी. प्राण गेला की तुमच्या घरच्या बायकांनी येऊन न्हाऊ घालावं. अरुळायी हात लावणार नाही. जागा पुढची, माझ्या शेजारी."

त्यांनी लगेच मान्य केले. जागेच्या दोन्ही चिठ्ठ्या, तिची आणि माझी, तिथल्या तिथे सही करून दिल्या. कोणाचे मन न मोडता काम झाले. भिंतीबद्दलचे माझे मत मी बदललेले नाही. पण भिंत पाडायला वेळ लागतो आणि वत्सलेपाशी वेळ नाही.

१४ मार्च

अरुळायीला सांगितले. ती मागच्या अंगणात शेवग्याखाली चादरी पिळत होती. एका टोकाने पिळत राहिली, पाणी थांबले तरी.

मग म्हणाली, "म्हणजे जिवंत आहेत तोवर मी चालते आणि मेल्यावर विटाळ. सगळीकडे उलटं असतं ना टीचरम्मा? मेल्यावरच आम्हाला बोलावतात, खड्डा खणायला."

"हे तुझ्याविरुद्ध नाही. व्यवस्थेचा भाग आहे."

"असेल." चादर झटकून दोरीवर टाकली. "चिन्नम्माला विचारलंत?"

"तिला त्रास कशाला?"

"नाही, मला वाटलं, त्यांचंच अंग आहे म्हणून."

तिने काम सोडले नाही. मला वाटले होते सोडेल. दुपारी नेहमीसारखी वत्सलेच्या पाठीला तेल लावत बसली होती. पण दिवसभर एकही थट्टा केली नाही, आणि खोली फार मोठी वाटली.

१९ मार्च

आज वत्सलेने मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली. मी ओढली.

"अक्का, अरुळायीनं काही सांगितलं नाही. तीच गप्प झाली, म्हणून मी तिला पिडून काढून घेतलं. मला तिच्या हातानंच न्हायचंय. आणि तिच्या माणसांत ठेव मला. भिंतीपलीकडे."

मी म्हटले, "वत्सला, शरीर आपलं स्वतःचं नसतं. ते ज्यानं घेतलं त्याचं असतं. आपल्या इच्छेनं..."

"कधी होतं ग माझं?" ती सावकाश बोलत होती, प्रत्येक शब्दाला दम लागत होता. "आधी अप्पांचं. मग त्या मुलाचं, ज्याचं तोंड मला आठवत नाही. मग अण्णाचं आणि न्हाव्याचं. आता तू म्हणतेस, देवाचं. देवाचं असेल तर चांगलंच. पण देवानं हात पाठवला तो अरुळायीचा. अकरावं सरल्यावर मला कोणी शिवलं नव्हतं. सोवळ्यात होते तेव्हा मी कोणाला शिवायचं नाही, सोवळ्यात नव्हते तेव्हा मला कोणी शिवायचं नाही. दवाखान्यात त्या बाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला, तर मला वाटलं हे कोणाचं अंग आहे. माझं होतं."

मी म्हटले, पलीकडचा भाग उताराचा आहे. ऐपसीच्या, दिवाळीच्या सुमाराच्या पावसात तिथे पाणी साचते. वाट नाही, शेळ्या चरतात, दगड लावला तर टिकत नाही. हा जातीचा प्रश्न नाही, उताराचा आहे.

"तू जाऊन बघून आलीस?"

"माहीत आहे मला."

"बरं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केले. स्वतःहून तिला कूस बदलता येत नाही. नुसती मान वळवली.

मी खुर्ची पुन्हा जागेवर ठेवली.

२४ मार्च

पाहून आले, म्हणजे बोलताना पुरावा असावा. अरुळायीला बरोबर घेतले. फाटकातून आत गेल्यावर भिंतीत छातीभर उंचीचे खिंडार आहे, तिथून पलीकडे जातात. ती गेली. मी खिंडारापाशी थांबले. तिथूनही सगळे दिसत होते.

मी म्हटले तसेच आहे. उतार आहे. शेळ्या होत्या. नाला कधी खणलेलाच नाही.

अरुळायी एका चौथऱ्यावर टेकून पान लावत बसली, घरच्या ओट्यावर बसावे तशी. "हा माझा नवरा," म्हणाली. "जिवंतपणी कधी इतका वेळ गप्प बसला नाही. ही दोन बारकी, मुलांची. आणि इथं मी." पायाने जागा दाखवली. "चिन्नम्मा म्हणतात, थोडं सरकून घे. मी म्हटलं, तुम्ही उंच आहात, पाय माझ्या सासूच्या अंगणात जातील. तिचं-माझं आधीच पटत नाही."

मला हसू आले. मी ते दाखवले नाही.

परत येताना ती म्हणाली, "तुम्ही पुढं, त्या इकडं, असं झालं तर तुम्ही एकट्या पडाल, हे चिन्नम्मालाही कळतं."

मी म्हटले, मला त्याची सवय आहे.

२७ मार्च, शुक्रवार

आज सकाळी वत्सला गेली. अरुळायीने पाणी पाजायला मान उचलली, पाणी ओठांवरून ओघळले, तेव्हा कळले. मी पिळ्ळै यांच्याकडे निरोप पाठवला. व्यंकोबाकडेही पाठवला. तसे करायला मी कोणाला बांधलेली नव्हते. ठरल्याप्रमाणे अरुळायीला मागच्या अंगणात जायला सांगितले. ती वत्सलेचे डोळे मिटून गेली.

पिळ्ळै यांच्या घरच्या तिघी बायका आल्या. चांगल्या बायका, मी दोघींना शाळेत शिकवले आहे. तोंडाला पदर लावून त्या दारात उभ्या राहिल्या. दुखण्याच्या वासाची त्यांना सवय नव्हती. एकीने लांबूनच तांब्याने पायांवर पाणी ओतले. दुसरी म्हणाली, लुगड्यावरूनच पुरे झाले, नाही का टीचरम्मा. पाणी गादीत गेले. वत्सलेचे लुगडे अंगाला चिकटले आणि फुगलेले पोट सगळ्यांना दिसले. तिसरीने तोंड फिरवले.

तेवढ्यात बाहेर आवाज झाला. व्यंकोबा आला होता, आपल्या गल्लीतली चार माणसे आणि बांबू घेऊन. रस्त्यात पिळ्ळै आणि त्यांचे खांदेकरी उभे होतेच, पॉलिशची तिरडी खाली ठेवून. दोन्हीकडची माणसे एकमेकांपासून अंतर राखून उभी होती. पिळ्ळै ओट्यावर चढून हळूच म्हणाले, "टीचरम्मा, भाऊ आलाच आहे. देऊन टाका. सगळ्यांचा मान राहील. पोलीस नको, बोभाटा नको."

व्यंकोबा खालून म्हणाला, "अक्का, मी भांडायला आलो नाही. तिला मध्ये लटकत ठेवू नकोस."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मला काही तरी बोलता येईल असे सर्वांना वाटत होते. मलाही वाटत होते.

मी आत गेले आणि दार लावून घेतले. त्या तिघींना स्वयंपाकघरात बसवले. वत्सलेचे ओले लुगडे काढायला हवे होते. मी वाकले, पण तिला कुठे धरायचे ते मला समजेना. खांद्याखाली हात घातला तर मान मागे पडली. मी हात काढून घेतला. ती तीन वर्षे या घरात होती.

मग मी मागचे दार उघडले. अरुळायी शेवग्याखाली उकिडवी बसली होती.

"चल," मी म्हटले. "मला जमत नाही."

ती उठली नाही. "पिळ्ळैंना शब्द दिलाय ना तुम्ही."

"दिला होता."

"मग?"

"मी तो मोडते आहे. चल."

आत येऊन वत्सलेकडे पाहिल्यावर ती मला फाडफाड बोलली. गादी भिजवली, पोरीला अशी उघडी टाकली, हे काय शिकवता शाळेत. तिचे नाक वाहत होते. "आणि उभ्या काय राहिलात? एवढी उंच बाई, मलाही एकटीला उचलत नाही. पाय धरा."

मी पाय धरले.

दार उघडून मी पिळ्ळै यांना सांगितले की अरुळायीने आणि मी तिला न्हाऊ घातले आहे. ते आपल्या माणसांना म्हणाले, उचला. त्यांनी रिकामी तिरडी उचलली आणि गेले. त्या तिघी मागच्या दाराने गेल्या. एकीने जाताना मला नमस्कार केला, ते मी पाहिले.

व्यंकोबा तिथेच होता. मी ओट्यावरून खाली उतरले.

"ती पलीकडच्या भागात जाणार आहे. तिनं तसं सांगितलं होतं."

"तिनं सांगितलं?"

"होय."

"तू शिकवून नव्हे?"

"मी नको म्हटलं होतं."

तो म्हणाला, "मला कधी काही सांगितलं नाही तिनं. मीठ कमी झालंय एवढंसुद्धा." आपल्या माणसांना त्याने हाताने परत जायची खूण केली. "मी दर्भाची बाहुली करून संस्कार करीन. माझ्याच्यानं नाही राहवणार. तू रागावू नको."

"रागावत नाही. कर."

"तिचं एखादं वस्त्र दे."

२८ मार्च

काल सायंकाळी उरकले. बांबूच्या तिरडीला वस्तीतले तिघेच मिळाले, बाकी शेतावर होते. बायकांनी खांदा द्यायची रीत भिंतीच्या दोन्ही बाजूंना नाही. चौथा खांदा मी दिला. पास्टर आले. पुढच्या फाटकातून आले आणि खिंडारातून वाकून पलीकडे आले. कपाळ पुसत त्यांनी प्रार्थना म्हटली, सगळी म्हटली, एकही ओळ गाळली नाही.

जमीन खरोखरच उताराची आहे. ऐपसीच्या आत तिथे नाला खणलाच पाहिजे. ईस्टर झाल्यावर माझी बोलण्याची बंदी उठते, तेव्हा पहिली गोष्ट ही.

काल दिवसभरात जे हवाली केले त्याची नोंद करून ठेवते.

भाऊ व्यंकोबा यास, दारात: वत्सला त्याच्या घरातून आली तेव्हा तिच्या अंगावर होते ते विधवेचे आलवण. धुतलेले होते. त्याने दोन्ही हातांनी घेतले. स्नानाचे बोलला नाही.

पिळ्ळै यांस, वखारीतल्या माणसाकरवी: पुढच्या भागातल्या जागेच्या दोन्ही चिठ्ठ्या, तिची आणि माझी.

मातीस, अरुळायीच्या नवऱ्याच्या शेजारी: माझी बहीण वत्सला, संपूर्ण. न्हालेली, केस विंचरलेले, खांद्यापर्यंत आलेले. उतरवताना डोक्याकडून अरुळायीने धरले, पायांकडून मी.